उजेडाचा हत्ती

सर्कस ही डोळ्यांनी पाहावयाची गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी माझ्या लहानपणची सर्कस पाहिलेली नाही. ती आधी नाकाला कळत असे. मिरजेच्या मैदानावर तंबू पडला, की दोन दिवसांत वाऱ्याबरोबर तो वास गावात येई. ओला भुसा, घोड्यांची लीद, वाघाच्या पिंजऱ्याचा उग्र दर्प, आणि या सगळ्यावर तरंगणारा इंजिनाच्या तेलाचा धूर. आई चुलीपुढून म्हणे, "सर्कस आली वाटतं." हँडबिले वाटीत फिरणारा टांगा त्यानंतर आमच्या गल्लीत शिरे.

आमच्या सांगली-मिरजेकडच्या माणसाला सर्कशीचा अभिमान असतो, आणि तो अगदीच अनाठायी नाही. पहिली देशी सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आमच्या अंकलखोपचे. १८८० साली त्यांनी मुंबईत खेळ केला, आणि त्यांच्यामागून देवलांची, कार्लेकरांची अशा कितीतरी सर्कशी आमच्याच बाजूने निघाल्या. पुण्याचे दामू धोत्रे तर थेट अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत हिंस्र जनावरांचे खेळ करीत. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मोठेपणी दामू धोत्रे व्हावयाचे होते. उरलेल्या निम्म्यांना विजय हजारे. मी पुढे शाळामास्तर झालो. म्हणजे चाबूक घेऊन रिंगणात उभे राहण्याची हौस थोडीफार भागली म्हणावयाची.

मला आठवतो तो हत्ती १९५६ सालचा. मी आठ वर्षांचा होतो. हत्ती स्टुलावर बसला, त्याने घंटा वाजवली, गणपतीच्या तसबिरीला सोंडेने हार घातला, आणि टाळ्यांनी तंबू दणाणला. मी एवढा भारावून गेलो, की खेळ संपल्यावर दादांचा हात ओढून त्यांना तंबूच्या मागच्या बाजूला नेले. तिथे तोच हत्ती उभा होता. पुढचा एक पाय साखळीने खुंटाला जखडलेला आणि मागचा एक. तो एकसारखा डुलत होता. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. मी म्हटले, "दादा, बघा, अजून नाचतोय." दादा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "तो नाचत नाही रे." एवढेच. का डुलतो, ते त्यांनी सांगितले नाही. एका जागी जखडलेले हत्ती असे तासन्‌तास डुलत राहतात, ते सुखाचे लक्षण नव्हे, हे मी पुष्कळ वर्षांनी कुठेतरी वाचले. दादांनी ते न वाचता ओळखले होते.

या हत्तीला साठाहून अधिक वर्षे लोटली. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलाकडे जर्मनीला गेलो होतो. मुलगा कोलोनला नोकरीला आहे. नात तेव्हा सहा वर्षांची होती. एके दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हांला सर्कस दाखवतो." मी म्हटले, आता कसली सर्कस? आपल्याकडे तर अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या, सिंह या जनावरांच्या खेळांवर सरकारने १९९८ साली बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. हत्ती त्या यादीत नव्हता. बिचाऱ्याला आणखी बरीच वर्षे तंबूत काढावी लागली. धोत्र्यांची ती रिंगलिंग सर्कससुद्धा २०१६ साली हत्तींना निरोप देऊन बसली आणि पुढच्या वर्षी तिने गाशा गुंडाळला. (२०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण जनावरांवाचून.) मुलगा हसला आणि म्हणाला, "हत्ती आहे. बघा तर."

ती रोंकाली सर्कस. १९७६ साली बर्नहार्ड पाउल आणि आंद्रे हेलर या दोघांनी ती काढली. सिंह आणि हत्ती तिने १९९१ मध्येच सोडले होते. उरली होती ती घोडे वगैरे मंडळी, त्यांनाही २०१८ साली रजा दिली. जुन्या घडणीच्या लाकडी गाड्या, लाल मखमल, पितळी दिवे, असा तिचा थाट अगदी आमच्या आजोबांच्या काळचा. आत शिरलो आणि मी सवयीने नाक फेंदारले. वास येत होता, तो मक्याच्या लाह्यांचा.

दिवे मंदावले. रिंगणाभोवती वरून एक गोल पडदा खाली आला. पडदा कसला, मच्छरदाणीच म्हणा ना, इतकी बारीक जाळी. आणि त्या जाळीच्या आत, रिकाम्या रिंगणात, हत्ती उभा राहिला. निळसर-पांढऱ्या उजेडाचा हत्ती. हातभर अंतरावरचा वाटावा असा, आणि त्याच्या आरपार पलीकडच्या रांगेतल्या बायकांच्या ओढण्याही दिसाव्यात असा. त्याने सोंड हलवली, पाय उचलून सर्कशीच्या हत्तीची ती जुनी कसरत केली, आणि उजेड जसा येतो तसा निघून गेला. मग घोडे आले. चौखूर उधळले, पण टापांखालचा भुसा उडाला नाही. मग एक सोनेरी मासा त्या अंधारात सावकाश पोहत गेला. लोक टाळ्या वाजवीत होते. माझी नात बाकावर उभी राहून ओरडत होती. आमच्या सौभाग्यवती मात्र हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "अहो, याला अंकुश नाही हो लागत." बायकांना नेमके ते दिसते.

हे सगळे कसे होते, याची चौकशी केल्यावाचून मास्तराला झोप कशी यावी? तंबूत सभोवार अकरा प्रक्षेपक यंत्रे बसवलेली होती. प्रत्येक यंत्र त्या जाळीच्या आपापल्या तुकड्यावर चित्र पाडते, आणि ते तुकडे असे बेमालूम जुळतात की बत्तीस मीटर रुंदीच्या त्या गोलात चारी बाजूंच्या प्रेक्षकांना हत्ती दिसतो. जाळीचे धागे उजेड धरतात आणि भोकांतून पलीकडचे दिसते, म्हणून चित्र पडद्यावर न वाटता हवेत वाटते. लोक याला होलोग्राम म्हणतात. शास्त्रज्ञ मंडळी मात्र या नावावर नाक मुरडतात. खरा होलोग्राम म्हणजे प्रकाशाच्या लाटांचा ठसा. वस्तूवरून परतलेला उजेड किती, एवढेच तो टिपत नाही. ती लाट कोणत्या क्षणी कोणत्या वळणावर होती तेही टिपतो, म्हणून मान वळवली की वस्तूची दुसरी बाजू दिसते. ही कल्पना १९४७ साली डेनिस गाबोर नावाच्या हंगेरियन पंडिताला इंग्लंडात सुचली, लेसर निघाल्यावर ती नीट साधली, आणि १९७१ साली त्याला तिच्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्कशीतल्या हत्तीची वंशावळ वेगळी, आणि ती पुष्कळ जुनी आहे. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने प्रवास केला असेल तर आपण ती पाहिलेली आहे. डब्यात दिवा, बाहेर काळोख, आणि खिडकीच्या काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या शेतांवरून धावत चाललेला दिसतो. काच आरपारही दिसू देते आणि प्रतिबिंबही दाखवते. दोन्ही एकमेकांत मिसळतात. याच युक्तीने १८६२ साली लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर याने रंगभूमीवर भूत उभे केले. काच तिरपी, खाली खड्ड्यात लपलेला नट, त्याच्यावर झगझगीत दिवा, की प्रेक्षकांना भूत दिसे. आपल्याकडे २०१४ च्या निवडणुकीत एकाच वेळी अनेक गावांच्या व्यासपीठांवर एकच पुढारी भाषण करताना लोकांनी पाहिला, तोही या पेपरच्या भुताचाच वंशज. भूत आधी नाटकात आले, मग राजकारणात, आणि शेवटी जनावरांच्या उपयोगी पडले.

तर असा तो हत्ती पाहून आम्ही मोटारीने परत निघालो. नात अर्धवट झोपेत होती. तिने विचारले, "आबा, तो हत्ती रात्री कुठे झोपतो?" माझ्या मुलाने पुढून उत्तर दिले, "कुठेच नाही. खेळ संपला की त्याला बंद करतात." यावर ती काही वेळ गप्प राहिली. मला वाटले, झोपली. तेवढ्यात म्हणाली, "मग खरा हत्ती कुठे आहे?"

मुलाला वळण घ्यावयाचे होते, सौभाग्यवतींना ऐकू आले नव्हते. उत्तर माझ्यावर आले. मी म्हटले, "जंगलात." तेवढ्यावर तिचे समाधान झाले. माझे झाले नाही.

दुधाची तहान ताकावर भागवावी असे आपण म्हणतो, आणि त्यात थोडी हिणवणूक असते. पण ताक काही वाईट नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करताना गुहेच्या तोंडाशी आपण मातीचा वाघ ठेवतो, तेही ताकच. पन्हाळ्याच्या पायथ्याशी वाघ असलाच पाहिजे, आणि खरा तर आणता येत नाही. तो चार आण्यांचा वाघ, एक कान मोडलेला, मावळ्यांपेक्षा दुप्पट मोठा, आम्ही किती हौसेने मांडत असू! पुढे २०२०च्या टाळेबंदीत हाच वाघ आमच्या दिवाणखान्यात आला. नातीने जर्मनीहून शिकवल्याप्रमाणे मी मोबाइलवर गूगलमध्ये वाघ शोधला, एक बटण दाबले, आणि दिवाण व शिवणयंत्र यांच्यामध्ये पट्टेरी वाघ उभा राहिला. श्वास घेत होता, डुरकत होता. शेपूट शिवणयंत्रातून आरपार गेली होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्या उन्हाचा आलाय, पाणी तरी विचारा." त्या दिवसांत घरोघर असे वाघ, अस्वले, पांडे नांदत होते, आणि माणसे घरांत कोंडलेली होती. पिंजऱ्याची बाजू अशी उलटलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

असल्या वाघाचा उपकार मी मानतो. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या एका देवळाने २०२३ साली उत्सवासाठी यांत्रिक हत्ती ठेवला, तेव्हा काही जणांनी नाके मुरडली. मला मात्र दादा आठवले. जो हत्ती डुलत नाही, तो माझ्या दृष्टीने चांगला हत्ती. आपल्या हौसेचे ओझे जनावराच्या पाठीवरून उचलून उजेडाच्या किंवा लोखंडाच्या पाठीवर टाकता येत असेल, तर त्यात गैर काय आहे?

पण नातीचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही.

माझ्या शाळेच्या ग्रंथालयात कोणी एका परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने 'नॅशनल जिऑग्राफिक'चे जुने अंक भेट दिले होते. त्यात १९८४ च्या मार्चचा अंक होता. मुखपृष्ठावर चकाकत्या पत्र्यासारख्या कागदावर गरुड, आणि तो खराखुरा होलोग्राम. अंक हलवला की गरुडाला खोली येई. मुले रांग लावून पाहत. (तसलेच एक कबुतर पुढे बँकेच्या कार्डावर घरोघर पोहोचले. खिशात पक्षी बाळगणारी आपली पहिलीच पिढी असावी.) तो अमेरिकेचा राष्ट्रीय पक्षी, पांढऱ्या डोक्याचा गरुड. अलास्का सोडून उरलेल्या त्यांच्या मुख्य भूमीवर १९६३ साली त्याची घरटी करणारी फक्त ४१७ जोडपी उरली होती. शेतांवर फवारलेले डीडीटी पाण्यात, पाण्यातून माशांत, माशांतून गरुडात गेले आणि त्याच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ झाली, की मादी उबवायला बसली की अंडे फुटे. १९७२ साली त्या देशाने डीडीटीवर बंदी घातली. गरुड सावकाश परतला, आणि २००७ साली संकटग्रस्तांच्या यादीतून त्याचे नाव निघाले. म्हणजे आमची मुले ज्या गरुडाला खाली-वर हलवीत होती, त्याच्यामागे खरा गरुड परतीच्या वाटेवर होता. त्याला परत आणले ते एका सरकारी बंदीहुकुमाने. चकाकत्या कागदाने फक्त त्याची ओळख करून दिली. ओळखीचेही मोल असते. ज्याचे तोंड माहीत नाही त्याच्यासाठी कोण पदरमोड करील? परंतु ओळख म्हणजे दाणापाणी नव्हे.

याचीच दुसरी बाजू मी त्याच जर्मनीच्या मुक्कामात पाहिली. कोलोनहून सीमेपलीकडे हॉलंडात केर्क्राडे म्हणून गाव आहे. तिथल्या संग्रहालयात अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग या कलावतीची एक कृती मांडली होती. भिंतीवर एक पांढरीशुभ्र रिकामी खोली, आणि तीत खऱ्याएवढा गेंडा. प्रथम तो निव्वळ ठोकळ्यांचा असतो, जणू मुलांनी लाकडी ठोकळे रचून केलेला. तो खोलीत चालू लागतो, फुरफुरतो, आणि खोली ओळखीची होत जाते तसतसा ठोकळ्यांचा गेंडा कातडीचा, सुरकुत्यांचा, डोळ्यांचा होतो. अगदी खरा वाटू लागतो, आपल्याकडे पाहतो, आणि नाहीसा होतो. मग पुन्हा ठोकळे.

हा उत्तरेकडचा पांढरा गेंडा. १९६० च्या सुमारास मध्य आफ्रिकेत यांची संख्या दोन हजारांवर होती. शिंगासाठी माणसांनी ते मारले. शेवटचा नर सुदान याने १९ मार्च २०१८ रोजी केनियात ओल पेजेटाच्या रानात देह ठेवला. राहिल्या दोघी, त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू, दोघींच्या भोवती अहोरात्र पहारा. त्यांची जात राखण्यासाठी प्रयोगशाळांत खटपट चालू आहे. ती फळाला यावी. पण मी बोलतो आहे त्या भिंतीवरच्या गेंड्याविषयी. त्याचा आवाज खऱ्या कळपाचा होता. यांपैकी शेवटचे गेंडे जिवंत असताना एका चेक संशोधकाने टिपून ठेवलेला. ताक व्हायलासुद्धा आधी घरात दूध असावे लागते. आणि आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. त्या पांढऱ्या खोलीत गवताची एक काडी नव्हती. गेंडा चालत होता, वळत होता, आणि त्याला कशाचीच गरज नव्हती.

नातीने मला काही विचारले नाही. तिने भिंतीला हात लावून पाहिला, आणि रखवालदार बाईंनी तिला प्रेमाने मागे घेतले.

उजेडाच्या जनावराचा हाच मोठा गुण, आणि मला भीती वाटते ती याच गुणाची. त्याला साखळी लागत नाही हे खरे. पण त्याला रानही लागत नाही. सर्कशीतल्या हत्तीपुढे रोज भाराभर गवत टाकावे लागे, आणि ते कुठून आणावयाचे याची कोणाला तरी काळजी असे. या हत्तीला फक्त विजेची तार पुरते. आता तारेचा विषय निघालाच आहे, तर माळढोकाची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

माळढोक हा आपला, महाराष्ट्राच्या माळाचा पक्षी. उभा राहिला की माणसाच्या कमरेपर्यंत येतो. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. एवढे धूड घेऊन उडणारे पक्षी जगात थोडेच. राष्ट्रीय पक्षी निवडावयाची वेळ आली तेव्हा सलीम अलींनी त्याचीच शिफारस केली होती. १९६३ साली मान मिळाला मोराला. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे होते, त्यात गावे, शेते, रस्ते सगळे आले. लोक वैतागले, आणि पुढे ते आक्रसून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. कागद मोठा असताना पक्षी वाढले नाहीत, आणि कागद लहान झाल्यावरही वाढले नाहीत. कारण त्याला हवा असतो माळ, आणि माळ म्हटले की आपल्या मनात एकच शब्द येतो : पडीक. पडीक जमीन दिसली की कोणाला तिथे विहीर खणाविशी वाटते, कोणाला कारखाना काढावासा वाटतो, आणि कोणी सत्प्रवृत्त माणूस तिथे झाडे लावतो. माळढोकाला झाडेही नकोत. त्याला मोकळे गवत हवे, जिथून चारी दिशांना नजर पोहोचेल. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. आता या पक्ष्याची बहुतेक उरलेली वस्ती राजस्थानच्या वाळवंटात आहे, आणि ती सगळी मिळून दीडशेच्या आत. तिथे पवनचक्क्या आणि सूर्यविजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची तार त्याला नीट दिसत नाही; आणि दिसली तरी एवढे जड शरीर ऐनवेळी वळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्या तारा जमिनीखाली न्याव्यात असा हुकूम केला; २०२४ मध्ये स्वतःच त्या हुकुमाला मुरड घातली. विजेलाही पर्याय नाही, पक्ष्यालाही नाही, असा तो पेच.

आणि तरीही याच माळढोकाच्या बाबतीत एका सोंगाचा खरा उपयोग झाला. जैसलमेरकडच्या प्रजनन केंद्रात शास्त्रज्ञांनी एक नकली मादी तयार केली, आणि एका नराला महिनोन्‌महिने तिची सवय लावली. त्याचे बीज मग दुसऱ्या केंद्रातल्या खऱ्या मादीपर्यंत नेले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात अंड्यातून पिल्लू बाहेर आले. हे वाचले तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून सौभाग्यवतींना हाक मारली. सोंग असावे तर असे. ते आपल्यासाठी केलेले नव्हते, पक्ष्यासाठी होते.

त्याच वर्षी डिसेंबरात मुलगा सहकुटुंब आला होता. नातीला बारावे लागले होते. ती म्हणाली, "आबा, मला माळढोक दाखवा." मी म्हटले, दिसणार नाही बहुधा. अलीकडच्या गणनांत तिथे एखादा दिसला तर दिसतो. ती म्हणाली, "नाही दिसला तर त्याचं घर बघू."

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने नान्नज जवळच आहे. सकाळचे आठ वाजले असतील. माळ पिवळा झाला होता, ऊन कोवळे होते, आणि गवतातून वारा निघाला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळल्यासारखा दिसे. चंडोल वर जाऊन गात होते. दूर काळविटांचा कळप, त्यात एक काळा नर मान ताठ करून उभा. कुसळे आमच्या पायमोज्यांत शिरली, नात खाली बसून एकेक उपटू लागली आणि म्हणाली, "हे सर्कशीत नव्हतं."

आमच्याबरोबर वनखात्याचे एक जुने मजूर होते. उमर साठीला टेकलेली, डोक्याला पटका. नातीने त्यांना विचारले, "काका, तुम्ही पाहिलाय?"

"पाहिलाय म्हंजे? ह्याच माळावर मोप हुते की, बाळ. येका नजरंत सात-आट. आता न्हाईत. एखादं आलं तर आलं."

"कसा असतो?"

ते क्षणभर माझ्याकडे पाहून लाजले. मग त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. दोन्ही हात मागे नेऊन पंख केले, छाती पुढे काढली, हनुवटी वर केली आणि सावकाश पावले टाकीत गवतात फिरू लागले. पावसाळ्यात नर मादीला रिझवायला कसा गळ्याची पिशवी फुगवून जवळजवळ जमिनीपर्यंत सोडतो, शेपटी पाठीवर कशी उलटी घेतो, ते ते दाखवीत होते. मग त्यांनी घशातून एक खोल आवाज काढला. "हूंऽम." या हाकेवरूनच आपल्या काही भागांत माळढोकाला हूम म्हणतात. आवाज माळावर दूरवर गेला. काळविटांनी माना वर केल्या.

नातीने मोबाइलवर ते सगळे टिपले होते. तिने त्यांना दाखवले. पटका बांधलेला तो म्हातारा माणूस दोन्ही हातांनी मोबाइल धरून, उन्हाकडे पाठ करून, स्वतःचे ते चालणे बारकाईने पाहत राहिला. मला वाटले, हसतील. ते हसले नाहीत.

"मान कमी पडली," ते म्हणाले. "लई फुगती त्येची मान. थांबा, पुन्यांदा करतो."